रिकॉलच्या नोटिशीत काय लिहिलेलं नसतं?

पीएचडीच्या पहिल्या सहा महिन्यांत गाईड एक काम हमखास देतात. दहा पेपर वाचा आणि प्रत्येकाचा दावा एका वाक्यात लिहून आणा. पेपर निदान या कामासाठी बरे असतात. त्यात पद्धत वेगळी लिहिलेली असते, निष्कर्ष वेगळा, मर्यादा वेगळ्या. आज मात्र मी पेपर बाजूला ठेवून चार ओळींचा एक वेगळाच मजकूर वाचायला घेतेय: वाहन कंपनी गाड्या परत बोलावते तेव्हा काढते ती नोटीस. बॅटरीवर संशोधन करायचं असेल तर हा मजकूर तुमच्या वाटेत येणारच. शिवाय दावा, पुरावा, नमुना, कारण हे सगळं त्यातही असतं. फक्त ते दडवलेलं असतं, किंवा घाईत विसरलेलं असतं.

सुरुवात कारपासून. डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाने ४५६ कोना इलेक्ट्रिक गाड्या परत बोलावल्या. १ एप्रिल २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात तयार झालेल्या. कारण दिलं ते असं की उच्च-दाबाच्या बॅटरी यंत्रणेत विजेसंबंधी दोष असण्याची शक्यता आहे, म्हणून तपासणी करायची आहे. आणि हे सगळं कंपनी स्वेच्छेने करतेय.

आता यात दावा कोणता? ‘दोष आहे’ हा दावा नाही. ‘दोष असू शकतो’ हा आहे. तो खोटा ठरूच शकत नाही. तपासणीत काही सापडलं तर नोटीस खरी, नाही सापडलं तरी खरी. ज्या विधानाला चुकण्याची जागाच नाही ते संशोधनाच्या कामाचं नाही, हे आपण रिसर्च मेथडॉलॉजीच्या पहिल्याच पेपरात घोकलेलं असतं (आणि परीक्षा झाली की विसरलेलं असतं). ‘विजेसंबंधी दोष’ म्हणजे सेलच्या आत, की वायरिंगमध्ये, की बॅटरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये? या तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळी, आणि घरच्या माणसाने घ्यायची काळजीही वेगवेगळी. नोटिशीला या प्रश्नाशी काही देणंघेणं नाही.

तिकडे कोरियात याच गाडीबद्दल काय चाललं होतं ते पाहा, म्हणजे हा मोघमपणा कुठून आला ते कळेल. ऑक्टोबर २०२० मध्ये जगभरातल्या सुमारे ७७ हजार कोना परत बोलावल्या गेल्या. कोरियाच्या परिवहन मंत्रालयाने तेव्हा कारण सांगितलं की सेलमधला सेपरेटर, म्हणजे धन आणि ऋण अग्रांमधला पातळ पडदा, खराब होऊन आत शॉर्टसर्किट होत असावं. सेल बनवणाऱ्या एलजी केमने लगेच सांगितलं, असं सिद्ध झालेलं नाही. उपाय म्हणून सॉफ्टवेअर अपडेट दिला आणि काही वेगळं दिसलं तर बॅटरी बदलायची ठरलं. जानेवारी २०२१ मध्ये दैगू शहरात, अपडेट घेतलेली एक कोना पेटली. फेब्रुवारीत कारण बदललं. आता चीनमधल्या नानजिंगच्या कारखान्यातल्या काही सेलमध्ये ॲनोडची पट्टी दुमडली गेली होती, तिथे लिथियमचा थर साचून शॉर्टसर्किट होऊ शकतं, असं सांगण्यात आलं. एलजीने यालाही हरकत घेतली: प्रयोगात तीच स्थिती निर्माण केली तरी आग लागली नाही, उलट जलद चार्जिंगबाबत आम्ही सुचवलेली पद्धत ह्युंदाईने बॅटरीच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट वापरली नाही. शेवटी सुमारे ८२ हजार वाहनांच्या बॅटऱ्या बदलायचं ठरलं, खर्च अंदाजे १ लाख कोटी वॉन.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर परिणाम एक आणि गृहीतकं तीन: पडदा, पट्टी, सॉफ्टवेअर. मधल्या काळात दुरुस्ती मात्र देऊन झाली, आणि कारण पक्कं ठरायच्या आत दिलेली ती दुरुस्ती अपुरी पडली. कोरियाच्या मंत्रालयाची पुरेशी स्तुती होत नाही असं माझं मत आहे. त्यांनी फेब्रुवारीतल्या निवेदनात प्रयोगातून आग अजून घडवता आलेली नाही हेसुद्धा सांगितलं. आपलाच प्रयोग साथ देत नाही हे छापून सांगणं सोपं नाही. भारतातली ४५६ गाड्यांची नोटीस या सगळ्या वादाच्या मधोमध निघाली होती, आणि तिच्यात या वादाचा वासही नाही.

इथे थोडं गणित करू, कारण ‘भारतात अशी एकही घटना नाही’ हे वाक्य आपण फार लवकर गिळतो. फेब्रुवारी २०२१ पर्यंत जगात कोनाच्या सुमारे १५ आगी नोंदल्या गेल्याची बातमी होती. त्यातल्या ११ कोरियात. ७७ हजारांत १५ म्हणजे साधारण पाच हजार गाड्यांमागे एक. हाच दर ४५६ गाड्यांना लावला तर अपेक्षित आगी किती? ०.०९. म्हणजे सगळ्याच्या सगळ्या गाड्या तितक्याच सदोष असत्या, तरी भारतात एकही आग न दिसण्याची शक्यता ९१ टक्क्यांच्या आसपास होती. उलट बाजूने पाहा. न निरीक्षणांत शून्य घटना दिसल्या, तर खरा दर ३ भागिले न एवढा असू शकतो, हे ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. संख्याशास्त्रातला हा ‘तिनाचा नियम’ पाठच करून ठेवा, व्हायवामध्ये कामी येतो. ३ भागिले ४५६ म्हणजे ०.६६ टक्के, दीडशे गाड्यांमागे एक. म्हणजे ‘शून्य’ हा आकडा पाच हजारात एक आणि दीडशेत एक या दोन्ही शक्यतांशी जुळतो. त्यातून सुरक्षिततेबद्दल काहीच कळत नाही, फक्त नमुना लहान होता एवढं कळतं.

कारच्या गोष्टी देवळीला जरा लांबच्या. आमच्याकडे इलेक्ट्रिक म्हटलं की स्कूटर. वर्धेला रोजचं अप-डाऊन करणारे, शाळेतले मास्तर, दूधवाले. म्हणून २०२२ कडे वळू.

२६ मार्च २०२२ ला पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली ओला एस-१ प्रो पेटली. व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटून धुरात गुदमरून वडील आणि मुलगी दगावले. ९ एप्रिलला नाशिकमध्ये कारखान्यातून निघालेल्या कंटेनरमधल्या ४० पैकी २० स्कूटर जळाल्या. १६ एप्रिलला ओकिनावाने ३,२१५ प्रेझ प्रो परत बोलावल्या: सैल जोडण्या किंवा काही बिघाड आहे का ते तपासायला. २१ एप्रिलला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केलं की निष्काळजीपणा आढळला तर मोठा दंड होईल आणि कंपन्यांनी सदोष बॅचेस आधीच परत बोलवाव्यात. त्याच दिवशी प्युअर ईव्हीने २,००० गाड्या परत बोलावल्या. तीन दिवसांनी ओलाने १,४४१.

या साऱ्या रिकॉलवर ‘स्वेच्छेने’ असं लिहिलेलं आहे. असो.

ओलाचं निवेदन मात्र विद्यार्थ्यांनी खरंच वाचावं असं आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. एक, पुण्याची घटना बहुधा सुटी, एकटी घटना होती. दोन, खबरदारी म्हणून त्या बॅचमधल्या १,४४१ गाड्यांची तपासणी करतोय. दोन्ही एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात, पण तर्काने त्यांचं जमत नाही. घटना सुटी असेल, म्हणजे कारण त्या एका गाडीपुरतं असेल, तर बॅच तपासून काय मिळणार? आणि बॅच तपासायची गरज वाटत असेल, तर कारण कारखान्यात, त्या दिवसांच्या उत्पादनात असू शकतं हे कंपनीनेच मान्य केलं. मग ‘सुटी’ कशी? कंपनीने खबरदारी घेतली ती बरोबरच केली, त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप वाक्यावर आहे. कृती एका गृहीतकावर आणि शब्द दुसऱ्याच गृहीतकावर, असं थिसिसमध्ये केलं तर एक्सटर्नल सोडणार नाहीत.

शब्दांचंही तसंच. या निवेदनांमध्ये गाडी पेटत नाही. ‘थर्मल इन्सिडेंट’ होतो.

बॅच ठरते कशी, हा पुढचा प्रश्न. आधी आग लागली, मग त्या गाडीच्या भोवती उत्पादनाच्या तारखांचं वर्तुळ काढलं, आणि वर्तुळाच्या आतल्यांना धोकादायक म्हटलं. म्हणजे आधी बाण मारायचा आणि मग त्याच्या भोवती निशाणा रंगवायचा. वर्तुळाची त्रिज्या कुठल्या आधारावर घेतली ते सांगितलं नाही, तर १,४४० आणि १,४४२ मधला फरक कुणालाच समजावता येणार नाही.

वर्तुळ चुकल्यावर काय होतं, ते अमेरिकेतल्या शेवरोले बोल्टने दाखवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६८ हजार बोल्ट परत बोलावल्या. वर्तुळ असं होतं: कोरियातल्या ओचांगच्या कारखान्यातले सेल. तात्पुरता उपाय, चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवायचं. मग सॉफ्टवेअर आलं. दुरुस्त केलेल्या गाड्याही पेटल्या. जुलै २०२१ मध्ये त्याच गाड्यांचा दुसरा रिकॉल. दरम्यान कारण हाती लागलं: फाटलेली ॲनोडची पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर, हे दोन दोष एकाच सेलमध्ये आले की आग. नंतर कळलं की असे सेल फक्त ओचांगमध्ये बनलेले नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये वर्तुळ सगळ्याच बोल्टपर्यंत गेलं, सुमारे १ लाख ४२ हजार.

बोल्टचा सगळा इतिहास आपण इतक्या बारकाईने सांगू शकतो, त्याला कारण आहे. अमेरिकेत कंपनीने दोष आहे असं ठरवल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत वाहतूक सुरक्षा प्रशासनाला अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक असतो. त्यात एक रकाना असतो: परत बोलावलेल्या गाड्यांपैकी अंदाजे किती टक्क्यांत खरोखर दोष असेल? दुसरा रकाना: पहिली तक्रार कधी आली, तपास कधी सुरू झाला, कुणी काय ठरवलं, तारीखवार. मला विचाराल तर सगळी गंमत या दोन रकान्यांत आहे. पहिल्यात कंपनीला आपलं गृहीतक आकड्यात मांडावं लागतं. दुसऱ्यात उशीर लपवता येत नाही. कंपन्या तिकडेही साळसूद भाषाच वापरतात, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही.

आपल्याकडे कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०ए आलं, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, आणि सक्तीच्या रिकॉलची वेळ आली तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. कलम वाचून पाहा, दीड पानाचं आहे. केंद्र सरकार रिकॉलचा आदेश कधी देऊ शकतं? दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, गाडीत बसलेल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय होऊ शकत असेल, आणि ठरावीक टक्के मालकांनी, चाचणी संस्थेने किंवा इतर कुठल्या स्रोताने तो कळवला असेल तर.

वेल्लोरला जे गेले ते यात कुठे बसतात? ते गाडी चालवत नव्हते, गाडीत बसले नव्हते, रस्त्यावरही नव्हते. ते घरात झोपले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि नंतर दगावला. तोही घरातच होता. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पेट्रोलची गाडी होती, जी चालताना धोकादायक असते. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना, रात्री, प्लगला लावलेली असतानाही धोकादायक असू शकते. वकील म्हणतील की ‘पर्यावरण’ हा शब्द ताणता येईल, उदार अर्थ लावता येईल. येईलही. पण ज्या माणसाला धोका सगळ्यात जास्त, त्याच्यासाठी कलमात सरळ शब्द नाही.

‘ठरावीक टक्के मालक’ हीदेखील दुसऱ्या प्रकारच्या दोषाला शोभणारी अट आहे. ब्रेक कुरकुरतोय, काच अडकतेय असे दोष शेकडोंना येतात, शेकडो तक्रार करतात. सेलमधला दोष पाच हजारांत एकाला येतो आणि उरलेल्या ४,९९९ जणांची गाडी उत्तम चालते. ते तक्रार कशाची करतील? कोनाच्या १५ आगींना टक्केवारीचा कुठलाही उंबरठा ओलांडता आला नसता. चाचणी संस्था आणि ‘इतर स्रोत’ हे दोन मार्ग आहेत म्हणून बरं, पण मग त्या संस्थांपर्यंत जळालेल्या गाड्या पोहोचतात कशा, आणि त्यांचे निष्कर्ष आपल्यापर्यंत येतात कसे? २०२२ च्या आगींचा तपास डीआरडीओच्या अग्निसुरक्षा केंद्राकडे दिला होता. बॅटरीच्या रचनेत आणि मॉड्यूलमध्ये दोष आढळले, अशा बातम्या मे महिन्यात आल्या. आपल्या हाती आले ते बातम्यांतले सारांशच. कुठल्या सेलचं काय, किती नमुने, कोणती चाचणी, यावर आपल्यातला एखादा विद्यार्थी प्रश्न विचारू शकेल असा मजकूर नाही.

त्या वर्षीच्या गदारोळातून एक ठोस गोष्ट मात्र निघाली. तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवरून एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचं मानक कडक झालं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. एक सेल पेटला तरी आग शेजारच्या सेलमध्ये पसरू नये, वायूला बाहेर पडायला वाट असावी, धोक्याचा इशारा आधी मिळावा, सेल कधी बनला ते शोधता यावं. चांगलंच आहे. पण मानक लागू होतं नव्या गाड्यांना. आधी विकलेल्या गाड्यांपर्यंत पोहोचायचा रस्ता एकच, रिकॉल. म्हणूनच या चार ओळींच्या नोटिशीवर मी एवढी शाई खर्च करतेय.

टाटाच्या नेक्सॉन ईव्हीचा उल्लेख टाळला तर वसईचे वाचक रागावतील. जून २०२२ मध्ये वसईतच एक नेक्सॉन पेटली. कंपनीने सांगितलं की जवळपास चार वर्षांत ३० हजारांहून अधिक गाड्यांनी मिळून १० कोटी किलोमीटरहून जास्त अंतर कापलं, त्यानंतरची ही पहिली घटना. आकडा भरभक्कम वाटतो. पण भागाकार करा. गाडीमागे सरासरी ३,३०० किलोमीटरच्या आसपास येतात. म्हणजे ताफ्यातल्या बहुतेक गाड्या नव्याकोऱ्या होत्या. सेलमधला लिथियमचा थर चार्जिंगच्या शेकडो फेऱ्यांत साचत जातो, असा सिद्धांत असेल तर नव्या गाड्यांचे किलोमीटर मोजून जुन्या गाड्यांबद्दल काही बोलता येत नाही. कंपनी खोटं बोलली नाही. तिने सोयीचा छेद निवडला, एवढंच. छेद कोण निवडतोय याच्यावर लक्ष ठेवा.

आता देवळीचा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. कोनाच्या वेळी अमेरिकेतल्या मालकांना सांगितलं गेलं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराबाहेर, इमारतीपासून लांब लावा. बोल्टवाल्यांना तर दुसऱ्या गाडीपासून ५० फूट अंतर सांगितलं होतं. भारतातल्या नोटिशींचा भर मात्र ‘गाडी घेऊन या, आम्ही तपासू’ यावर. तोपर्यंत काय करायचं? शेजारच्या काकांना मी हा ५० फुटांचा सल्ला वाचून दाखवला, तर म्हणाले, “मंग गाडी ठेवाची कुठं? बोळ आठ फुटाची हाये.” जुन्या गावात घराला घर चिकटलेलं. चार्जिंगचा प्लग ओसरीत, कारण वायर तिथवरच येते. बाहेर लावावी तर मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. आणि दिवाळीनंतर बऱ्याच घरांत त्याच ओसरीत, नाहीतर लगतच्या खोलीत, भाव वाढायची वाट पाहत कापूस भरलेला असतो. छतापर्यंत. सुट्या कापसाशेजारी चार्जिंगला लावलेली स्कूटर हे चित्र कुठल्या मानकाच्या चाचणीत आहे? कंपनीने आणि सरकारने धोक्याचा हिशेब केला तो गाडीचा केला, गाडी ज्या घरात राहते त्या घराचा नाही.

शिवाय परत बोलावलेली गाडी न्यायची कुठे? वर्धा अठरा-वीस किलोमीटर, नागपूर शंभराच्या घरात. ‘बॅटरीत दोष असू शकतो’ असं कळवलेल्या गाडीवर बसूनच ती तपासायला न्यायची. गाडी उचलून नेण्याची सोय आहे की नाही, ही ओळ प्रत्येक नोटिशीत पहिली हवी.

संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांसाठी इथे काम पडलेलं आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. छेद, म्हणजे भागाकाराच्या रेषेखालची संख्या, उघड उपलब्ध आहे: वाहन पोर्टलच्या डॅशबोर्डवर एमएच-३२ निवडलं की वर्धा जिल्ह्यात किती इलेक्ट्रिक दुचाकी नोंदल्या गेल्या ते वर्षवार दिसतं. रेषेवरची संख्या मात्र विखुरलेली आहे. थोडी नगरपरिषदांच्या अग्निशमन नोंदींत, थोडी पोलिसांच्या पंचनाम्यांत, थोडी विमा कंपन्यांकडे. माहितीचा अधिकार वापरून पहिल्या दोन ठिकाणांहून ती मिळवता येते. अर्जात ‘बॅटरीची आग’ असं लिहू नका, कारण नोंदवहीत ती बहुतेक ‘शॉर्टसर्किट’ म्हणून लिहिलेली असते. ‘वाहनाशी संबंधित सर्व आगी, इंधन प्रकारासह’ असं मागा. आणि प्रश्नावली केलीत तर एक प्रश्न माझ्यातर्फे घाला: तुमची गाडी चार्जिंगला लावता तिथून सगळ्यात जवळची पेटू शकणारी वस्तू कोणती, आणि ती किती हातांवर आहे?